भिंतीवरचं अक्षर

साडूभाऊ,

तुमच्याकडे परवाना नाही म्हणून माझ्या साइटवरचं नळाचं काम तुमच्याकडून स्वस्तात करून घेतलं ते मीच, आणि मजुरी मागितलीत तेव्हा ‘आधी परवाना दाखवा’ म्हणून हात वर केले तेही मीच. त्या संध्याकाळी तुम्ही पुन्हा साइटवर गेलात, तर नळ उचलून न्याल म्हणून वॉचमनला तुमची पिशवी तपासायला लावली. तिच्यात पेन्सिल तेवढी निघाली.

आज कपाट बसवायला ड्रिल लावणार, तोच भिंतीवर तुमचं अक्षर दिसलं: ‘दादा, इथून पाइप गेलाय. भोक जपून पाडा.’

भोक बाजूला पाडलं. मग ती अक्षरं पुसून टाकली. कागदोपत्री ते काम माझ्या माणसांनी केलंय ना.

बायको विचारते, धाकट्या बहिणीकडे कधी जायचं. कामाचा व्याप आहे, म्हणतो. हे पत्रही खिशातच राहील.

तुमचा,
खाली ‘दादा’ लिहिणार होतो, हात धजावला नाही.