उलट्या कानाचा हत्ती

प्रिय ताई,

आधी हे पत्र फाडू नकोस. फोन तू उचलत नाहीस, दाजी उचलतात आणि राँग नंबर म्हणून ठेवतात, म्हणून लिहितोय. अक्षर तसंच आहे, कोंबडीचे पाय. सातवीनंतर पेन धरलं ते फक्त सही करायला. न सांगता निघून गेलो, तुझा राग खरा आहे. पायाला भिंगरी बांधलीय म्हणायचीस ना, ती अजून सुटली नाही. मधे मासळीच्या ट्रकवर होतो, मग एका रंगाऱ्याकडे. त्याच्याकडे पोपट होता, गिऱ्हाईक दिसलं की शिव्या घालायचा. पण ते राहू दे, भेटल्यावर सांगेन. पोरीकडे तो हत्ती आहे का अजून? मी एक कान उलटा शिवला होता तो?

सध्या एका बंद पडलेल्या इस्पितळाची इमारत पाडायच्या कामावर आहे. तुमच्या इमारतीसारखीच जुनी. वर सिमेंटचे पत्रे, भिंतींवर ओलीचे डाग, हात लावला की पापुद्रे हातात. पहिल्याच दिवशी तुमची वरच्या मजल्यावरची खोली आठवली. पोरीच्या पलंगावरच गळायचं. तू बादली ठेवायचीस आणि ती त्यात कागदाच्या होड्या सोडायची. मालकाला सांगून सांगून दाजींची जीभ झिजली. मग मी शहाणा पुढे झालो. बंद कारखान्यातल्या बॉयलरच्या पाइपांवरचा पांढरा कापूस ओरबाडून पोतंभर आणला. जळत नाही, कुजत नाही, मऊ. पत्र्याच्या फटींत कोंबला, वर सिमेंट थापलं. गळती थांबली. आयुष्यात पहिल्यांदा तू म्हणालीस, आमचा भिंगऱ्या कामाचा निघाला. त्या तोऱ्यात मी तुला शिकवून गेलो, की पुन्हा गळलं तर कापूस ओढून काढ, वाळव, चांगला झटक आणि परत कोंब.

माझं बाकी काही तू ऐकलं नाहीस, हे तेवढं ऐकलं असशील.

तोच कापूस इथे निघाला. इथली माणसं अंगभर पांढरे कपडे घालतात, तोंडाला जाड मास्क, आधी पाणी मारून भिजवतात, मग अलगद काढून दुहेरी पिशवीत बांधतात. मी उघड्या हातांनी उचलला तर तपासणीच्या बाई धावत आल्या. म्हणाल्या, कापूस नाही हा, ॲस्बेस्टॉस आहे, दगडाचा धागा. केसाहून बारीक सुया उडतात, दिसत नाहीत, छातीत गेल्या की बाहेर येत नाहीत. आज काही कळत नाही. वीस-तीस वर्षांनी दम लागतो, गाठी होतात. पत्र्यातही तेच असतं. शाबूत असेल तोवर गप्प, पण पाण्याने ठिसूळ झाला, कापला, घासला की उडायला लागतं. मी म्हटलं, बाई, मी विड्या ओढतो, मला कसली भीती. तर म्हणाल्या, मग तुझं तर आणखी कठीण आहे.

माझं काय ते होऊ दे. ताई, हात जोडतो, फटीतलं काही ओढू नकोस. खाली भुगा पडला असेल तर झाडू लावू नकोस. पोरीला घेऊन सासूबाईंकडे जा, आणि दाजींना सांग की हे काम जाणणारी माणसं आणल्याशिवाय पत्र्याला हात लावायचा नाही. हवं तर मला शिव्या घालत सांग.

एवढं कुणाच्या हाती निरोप देऊनही कळवता आलं असतं. पत्र लिहायचं कारण दुसरंच आहे, आणि दोन पानं मी त्याच्याभोवती फिरतोय. बाईंना मी हसत हसत म्हणालो, पोतं मोठं होतं, उरलेल्याचा भाचीला हत्ती शिवून दिला. त्यांनी पेन खाली ठेवलं. किती वर्षांची आहे, एवढंच विचारलं. ताई, ती त्याला नाकाशी धरून झोपते. माझी शिवण कच्ची, पोटाशी उसवायची, आणि ती बोटाने कापूस आत ढकलत बसायची. ती शाळेत गेली की त्याच्यावर ओला फडका टाक, दाबू नकोस, झटकू नकोस, तसाच उचलून दोन पिशव्यांत बांध. डॉक्टरांना सगळं सांग, माझं नाव घेऊन सांग. तिने विचारलं तर म्हण, हत्तीलाही मामासारखे पाय फुटले, न सांगता गेला. तिचा राग माझ्यावर असू दे. मी उद्या निघतोय. या वेळी दाराशी पोचलो तर तू उघडेपर्यंत तिथून हलणार नाही.

तुझाच,
भिंगऱ्या