रिकामी मांडी

३ फेब्रुवारी १९९७, कळंबा
पिपाणी न्हाय, अण्णा. किती डाव सांगू? ट्रंपेट म्हणत्यात त्याला. तुम्ही समोर न्हाईसा, तरी वहीत बापाशी भांडतोय. आजऱ्यात काजू फोडून बोटं काळी केली की ते काम, आन् हे म्हणजे थेरं व्हय? आज पिराजी मास्तरांच्या बँडात लागलो. धोंडुबाईंकडं खोली, महिन्याचा पगार आगाऊ हातात. मास्तर फंक आन् सोल वाजवतात. परदेशातल्या काळ्या लोकांचं संगीत, कंबर हलवता हलवता रडू आणणारं. पहिली कॅसेट पार निपाणीपर्यंत वाजली. आता दुसरी. तिच्या कव्हरावर माझं नाव छापणार. मग बोला काय बोलायचं ते.

५ फेब्रुवारी
रेकॉर्डिंगची खोली तळ्याजवळ. भिंतींना गाद्या ठोकल्यात, दार लावलं की बाहेरची म्हसरंसुद्धा ऐकू येत न्हाईत. बेस गिटारवाला गुंडू लई चेष्टेखोर. माझी फुंक ऐकून म्हणाला, पावणं, चूल पेटवताय काय? मग मास्तरांनी पेटीतलं ट्रंपेट दिलं. पिवळंधमक. तोंडाला लावलं तर विभूती आन् ओल्या मातीची चव. तीनदा धुतलं, तरी तीच. आधी श्रीशैल वाजवायचा म्हणे. पहिली कॅसेट त्याचीच. दिवाळीत कावीळ होऊन गेला. तो मांडी घालून वाजवायचा, म्हणून मलाही तसंच बसवलं. आवाज असा सुटला की गुंडू बेस सोडून जवळ येऊन बसला.

९ फेब्रुवारी
श्रीशैलची आई, बसव्वा, सगळ्यांना भाकरी आन् शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या. लिंगायतांत माणसाला मांडी घालून बसवून पुरतात. अव्वांनी स्वतःच्या हातानं ट्रंपेट लेकाच्या मांडीत ठेवलेलं. आता तो रोज स्वप्नात येतो. एकच बोलतो, अव्वा, मांडी रिकामी हाय. त्यांनी मला विचारलं, हे त्याचंच न्हवं का रे बाळा? मास्तर खाली बघत होते. कव्हरावरचं नाव माझ्या डोळ्यांपुढं आलं. म्हणालो, न्हाय अव्वा, नवं हाय.
त्यांनी मला घास भरवला.
त्या गेल्यावर मास्तरांनी कबूल केलं. बायका मागं फिरल्यावर, माती लोटायच्या आधी, त्यांनीच काढून घेतलं. त्या आवाजाशिवाय दुसरी कॅसेट कोण घेणार, म्हणाले. आन् रडले.

१४ फेब्रुवारी
आठपैकी सहा गाणी झाली. टेप लावून ऐकली. दर गाण्याच्या शेवटी, मी थांबल्यावर, कुणीतरी श्वास घेतंय. मग बारीक आवाज, मांडी रिकामी. गुंडूनं बेस पिशवीत घातला आन् घरी गेला. जाताना चेष्टा केली न्हाय.
मला उठताना मांडी सुटेना. हातानं गुडघे ओढून सोडवली.

१७ फेब्रुवारी
म्हणालो, ट्रंपेट त्याच्याजवळ पुरून येऊ. मास्तर म्हणाले, दोनच गाणी राहिलीत, मग दोघं जाऊ. कव्हर हातात दिलं. ट्रंपेट, बुद्धभूषण कांबळे. छापलेलं, अण्णा. बोटानं चाचपलं—
पुरायला गेलो न्हाय. उरलेली दोन्ही वाजवली.

१९ फेब्रुवारी
मांडी सुटत न्हाय. मास्तर आन् रिक्षावाल्यानं तसंच उचलून खोलीवर आणलं. धोंडुबाईंनी तेल चोळलं. पाय गार, दगडासारखे.
अव्वा आल्या. आनंदात. स्वप्नात लेक हसला म्हणे. अव्वा, मांडी भरली, म्हणाला.
ट्रंपेट तर इथं, माझ्या मांडीत. मग त्याच्या मांडीत काय—
खरं सांगायला तोंड उघडलं. शब्द न्हाय आला. सूर आला. त्याचा. अव्वांनी डोळे मिटून ऐकला, आन् मला श्रीशैल म्हणाल्या—

२० फेब्रुवारी
छातीपर्यंत गार. बेलाच्या पानांचा वास. तोंडात माती, थुंकतोय तरी—
अव्वा, खोटं बोललो.
अण्णा, कव्हरावरचं नाव वाचा. कॅसेट लावू नका. शेवटचा श्वास कुणाचा हाय ते—
पगाराचे पैसे धोंडुबाईंजवळ दिलेत. जेवणाला मागं काय ठेवलं न्हाय. लागायचं न्हाय. सगळे पाठवतोय, बाराशे—