कपाटामागची भिंत

१४ ऑक्टोबर, मंगळवार, सकाळचे सव्वासहा

प्रिय ताई,

हे लिहायला बसेपर्यंत मी स्वयंपाकघरातली कपाटामागची भिंत पत्र्याच्या पात्याने खरवडत होतो. आई उठली, माझ्याकडे पाहिलं, चहाचा कप उचलला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. शुक्रवारपासून ती माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, पण ताट ठेवताना आवाज होतो.

खाणीचं काय झालं, असं तू विचारलं होतंस. पहिल्यापासून सांगतो, नेहमीसारखं ‘मास्तर लागले शिकवायला’ म्हणून चिडवू नकोस. नदी आणि आपली गल्ली यांच्यामधली खडीची खाण सरकत सरकत आता आपल्या परसाच्या तोंडाशी आली आहे. खडी संपली. जाताना खड्डा मातीने भरून द्यायचा, असं कंपनीने लिहून दिलं होतं. आता म्हणतात, भरत नाही, तलाव करू, कडेने बाकं टाकू. नियम असा आहे की जागा पूररेषेच्या आत असेल तर खड्डा भरावाच लागतो, कारण नदी एकदा त्यात शिरली की कडा खात खात घरांपर्यंत येते. पूर इथवर येतच नसेल, तर तलाव चालतो. म्हणजे सगळं भांडण एवढ्यावर आलं, की पाणी आपल्या गल्लीत कधी शिरलं होतं की नाही.

तुला काय सांगायचं. पुराच्या त्या रात्री बाबांनी तुला माळ्यावर बसवलं होतं आणि मला तुझ्या मांडीत दिलं होतं. उद्या शाळा असेल का, असं तू रात्रभर विचारत होतीस, असं बाबा सांगायचे. पण गल्ली ते विसरली. रेषेच्या आतल्या घराला बँक कर्ज देत नाही आणि गिऱ्हाईक दारात उभं राहत नाही. ज्या शिंपीकाकांचं मशीन त्या पुरात वाहून गेलं, तेच पूररेषेच्या सुनावणीत म्हणाले, कसला पूर साहेब, गटार तुंबलं होतं. सगळे हसले. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, तू पाट्या रंगवून जगशील रे, मला घर विकून पोरीचं करायचंय. खऱ्यावर कोणाचं पोट भरलंय?

उरली बाबांची खूण. पाणी ओसरल्यावर त्यांनी सुतारकामाच्या लाल पेन्सिलीने कपाटामागे ओढलेली रेघ आणि खाली तारीख. खड्डा भरावा म्हणून केलेल्या अर्जात मी तिचाच आधार घेतला, तीन वेळा शुद्ध करून लिहिला. मोजणीच्या बाई पाहायला यायच्या आदल्या दिवशी मी परगावी दुकानाची पाटी रंगवायला गेलो होतो. परत आलो तर भिंत पांढरीशुभ्र. सरकारी माणसं येणार, त्यांना काय कळकट भिंत दाखवायची, असं आई म्हणाली. बाई भल्या होत्या. चहा घेतला, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, मला दिसत नाही ते मी कसं लिहू? पूररेषा नदीच्या काठालगतच ठरली. खाण बाहेर, आपण बाहेर.

मला तेव्हा राग आला नाही. आईची टापटीप तुला माहीत आहे. पण मी रंगाचा माणूस, डोळा जातोच. दर्शनी खोलीला पोपडे आले आहेत, तिला तिने हात लावला नव्हता. जिथे पाहुणा कधी जात नाही तेवढीच भिंत रंगवली होती, दोन हात देऊन. ते कपाट आम्हा दोघांना हलत नाही, ते तिने एकटीने सरकवलं होतं. माझा ब्रश धुऊन जागेवर ठेवला होता.

मग आठवड्याच्या आत घराला गिऱ्हाईक आलं. दवाखान्यातला कंपाउंडर, नवीन लग्न झालेला. त्याने विसार दिला त्या दिवशी आई म्हणाली, तुझी बहीण मुलाला घेऊन भाड्याच्या खोल्या शोधत फिरते, घराच्या पैशातून तिला छप्पर नको? तू काय, पुरुषमाणूस, कुठेही पडशील. तेव्हा मला भिंतीचा अर्थ लागला.

शुक्रवारी कंपाउंडर बायकोला घेऊन आला. तिचे दिवस भरत आले आहेत. पाळण्याची जागा शोधत ती स्वयंपाकघरात आली, त्याच भिंतीला पाठ टेकून उभी राहिली आणि म्हणाली, ही भिंत कशी छान कोरडी आहे. इथे पूर आला होता, हे मी सांगून टाकलं. पाणी कुठवर आलं होतं, असं तिने विचारलं. मी तिच्या खांद्याशेजारी भिंतीवर हात ठेवला. कंपाउंडर ओरडला नाही. महिनाअखेर विसार परत द्या, एवढंच म्हणाला. ते गेल्यावर आई म्हणाली, मी बुजवलं ते तुझ्या बहिणीसाठी. तू कोणासाठी उकरलंस?

काल मोजणीच्या कचेरीत जाऊन आलो. रेषा कायम झाली आहे. खूण दाखवलीत तर पुन्हा पाहू, असं म्हणाले. म्हणून खरवडत होतो. पण रंगाच्या पापुद्र्याबरोबर पेन्सिलही सुटून येते. तारखेतला एक आकडा पापुद्र्याच्या मागे उलटा उमटलेला मिळाला. भिंतीवर काही राहिलं नाही. खड्डा भरला जाणार नाही आणि घर विकलं जाणार नाही. परवा कंपनीने मला पाटी रंगवायला दिली, ‘तलाव परिसर स्वच्छ ठेवा’. मी घेतली.

ताई, आई तुला हे लिहिणार नाही. महिनाअखेर बाकीचे पैसे येतील, या भरवशावर तू खोलीच्या मालकाला शब्द देशील, म्हणून मी लिहितो आहे. ते येणार नाहीत, आणि ते माझ्यामुळे येणार नाहीत. आईला रागाने काही लिहू नकोस. मला लिही.

तुझाच,
मास्तर

हिशोब लिहितो. कंपाउंडरचा विसार पन्नास हजार, देणे. त्यातले चाळीस तुला पोचले आहेत, ते परत पाठवू नकोस, मी फेडीन. दहा गळक्या छपराला गेले. पाटीचे अडीच हजार कंपनीकडून येणे. पांढरा रंग माझ्याच डब्यातला होता, त्याचं काही देणं नाही.