घरचाच जामीन

३ मार्च, सोमवार
वस्तुस्थिती.
१. ताईच्या दिराने, म्हणजे बांधकामाच्या ठेकेदाराने, आमच्या दुकानातून अकरा पंप उधारीवर नेले.
२. जामीन म्हणून ताईच्या सासऱ्यांनी सही केली. त्यांना घ्यावं ही सूचना माझी. घरचाच माणूस, रिस्क शून्य.
३. दिराने पैसे दिलेले नाहीत. फोन उचलत नाही.
४. ते पंप आपणही कंपनीकडून उधारीवरच आणले होते. तिथे जामीन बाबा आहेत, राहत्या घरासकट. मुदत ३१ मार्च.
५. वसुली माझ्याकडे. बाबा म्हणाले, व्याह्यांकडे पैसे मागायला मी कोणत्या तोंडाने जाऊ? मी म्हणाले, प्रश्न तोंडाचा नाही, कलमाचा आहे.
मी घाबरलेली नाही.

५ मार्च, बुधवार
ताईच्या सासरी गेले. बेल वाजेना. वायर सैल होती. पर्समध्ये टेस्टर असतोच, दुरुस्त करून टाकली. काका (ताईचे सासरे) खूष. म्हणाले, पोर असावी तर अशी, आमच्या धाकट्या दिवट्याला बल्बसुद्धा बदलता येत नाही. अशा वेळी लिहून नेलेली वसुलीची नोटीस काढणं चुकीचं ठरलं असतं. संबंध मजबूत झाले, हेही एक कामच.
घड्याळात नाडी ११८ दिसत होती. सेन्सर बिघडला असावा.

८ मार्च, शनिवार
गेले नाही. ताईचा विचार करावा लागतो. त्या घरात तिला राहायचंय, मला नाही. मी पैसे मागायचे आणि टोमणे तिने खायचे, हे बरोबर नाही. एकटीचा प्रश्न असता तर आजच गेले असते.

१२ मार्च, बुधवार
दीर स्वतः दुकानात आला! त्याला कंट्रोल पॅनेल हवं होतं. म्हणाला, साइट अडलीय, पॅनेल बसलं की बिल निघेल आणि पहिला चेक तुमचा. वहिनीच्या माहेरचे पैसे बुडवून मी तोंड कुठे लपवू?
पॅनेल दिलं. उधारीवर. आता तो आपल्यावर अवलंबून आहे.
 संध्याकाळी बाबा म्हणाले, विहिरीत बादली पडली, म्हणून तू दोरही टाकून आलीस.
बादली काढायला दोर नाही, गळ लागतो. हे त्यांना सांगितलं नाही.

१६ मार्च, रविवार
कंपनीचा माणूस घरी आला. फार नम्र. खोल्या किती, गच्ची कुणाच्या नावावर, एवढंच विचारलं. आईने त्याला पाणी दिलं. तो गेल्यावर ती ओट्यावरून हात फिरवत उभी राहिली. पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं.
मी आत जाऊन नोटिशीची भाषा आणखी कडक केली. अक्षर वाकडं आलंय. टेबल हलतं.

१९ मार्च, बुधवार
दुसरी भेट. तीन वाक्यं पाठ करून गेले. पहिलं व्यवस्थित बोलले: काका, एक विषय होता. ते म्हणाले, बोल की. मी विचारलं, तुमची टाकी भरून वाहते का?
वाहत नव्हती. तरी सेन्सर बसवून आले. स्वखर्चाने.

२२ मार्च, शनिवार
ताईचा फोन. बाबांनी तिला सगळं सांगितलंय. तिने मला सोलून काढलं. म्हणाली, माझ्या नावावर किती दिवस भिणार आहेस गं? मी काय काचेची बरणी आहे? टोमणे लग्नाच्या दिवसापासून ऐकतेय, व्याजासकट परतही करतेय. सरळ जा आणि माग, नाहीतर उद्या भर जेवणात मीच विषय काढते.
तिला परिस्थितीची कल्पना नाही, असं लिहिणार होते. आहे.

२४ मार्च, सोमवार
मागितले. आवाज चिरकला, पण वाक्य पूर्ण झालं.
 काका म्हणाले, सही मी विसरलो नव्हतो गं. तू दोनदा आलीस, बेल केलीस, टाकी बघितलीस, पैशांबद्दल अक्षरही काढलं नाहीस. मला वाटलं, पोराने तुमचं भागवलं. गुरुवारी सिमेंटवाला आला. त्यालाही जामीन मीच. आत यायला तयार नाही, दारातूनच ओरडत होता. ठेव मोडली आणि त्याला दिली. आदल्याच दिवशी तू इथे, याच खुर्चीत होतीस.
मी खुर्चीकडे बघत राहिले.
ते म्हणाले, लेखी दे. काय विकता येतं, बघतो.
बसस्टॉपवर बसून लिहिलं. परत जाऊन त्यांच्या हातात दिलं. मजकूर असा:

ती. स्व. काकांना सा. न.
अकरा पंपांची पूर्ण रक्कम बाकी आहे. या रकमेला आपण जामीन आहात. पॅनेल त्यात धरलेलं नाही. ते मी माझ्या जबाबदारीवर दिलं, त्याचे पैसे मी भरेन. कंपनीची मुदत ३१ तारखेला संपते. त्यानंतर आमचं घर जाईल. आपण किती रक्कम देऊ शकाल आणि कधी, ते कृपया शुक्रवार, २८ मार्चपर्यंत कळवावं.