गोठ्यातला स्टुडिओ

आबा, आज आपला गोठा पाडला. भिंतींवरची गोणपाटं पोरांनी ओढून काढली, तेव्हा आतून तुम्ही कोंबलेला पेंढा पडला, पार भुसा झालेला. मला तिथं उभं राहवेना.

लोणावळ्यात आम्ही चौघं वाजवायचो, पण टेप करायला बसलं की घाट चढणाऱ्या गाडीची शिट्टी नेमकी मध्ये घुसायची. मुंबईच्या स्टुडिओत आम्हाला कोण उभं करणार? आंदर मावळात आपल्याकडे नुकतीच वीज आली होती आणि रेल्वे लांब, म्हणून भीत भीत तुमच्याकडे गोठा मागितला. वाटलं होतं, फैलावर घ्याल. तुम्ही गुरं पडवीत बांधलीत आणि आवाज आत-बाहेर होऊ नये म्हणून भिंती, खिडकी, दार सगळीकडे पेंढ्याची पोती ठोकलीत. गिटार ऐकून म्हणालात, रेडकू अडकलं की म्हैस अशीच ओरडते. पण टेप फिरत असताना दारावर लाल फडकं लावायचं, हे तुम्हीच ठरवलंत. ते दिसलं की आईचं कांडणसुद्धा बंद. "फडकं दिसतंय न्हवं? मग हितं बोलायचं न्हाई," असं तुम्ही सरपंचांनाही सुनावलंत. माझं कौतुक तुम्ही तोंडावर कधी केलं नाहीत, पण मला ते कळत होतं.

त्या दिवशी एक गाणं सकाळपासून बिघडत होतं. दुपारी एकदाचं जमलं. दार उघडतो तर तुम्ही पायरीवर बसलेले, पाय सुजलेला, वर सुतळी करकचून बांधलेली. गंजीतून पेंढा ओढताना घोणस चावली होती आणि आई रानात होती.

"झालं का रं तुमचं?" तुम्ही विचारलंत. "मंग चला आता. लय जळतंय."

घोंगडीची झोळी करून आम्ही तुम्हाला रस्त्यापर्यंत पळवत नेलं. दुपारची एसटी तेवढ्यात निघून गेली होती. टपरीवरच्या मावशी म्हणाल्या, आत्ता गेली, अजून धुरळा बसला नाही. मग बैलगाडी मिळाली. तळेगावचा दवाखाना यायच्या आधीच तुमचं बोलणं थांबलं.

पोराच्या गाण्यात खंड पडू नये म्हणून आबांनी दारावर थापसुद्धा मारली नाही, असं गाव आजही सांगतं. आईसुद्धा तेच सांगत गेली, अभिमानानं. ते गाणं आमच्या रेकॉर्डवर पहिलं आहे. लोकांना आवडतं.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. तुम्ही दोनदा थाप मारली होतीत, आबा. दाराला टेकून मीच उभा होतो, बाकीच्यांना काही कळलं नाही. हात तुमचा आहे हेही मी ओळखलं. गाणं निम्म्यावर आलं होतं आणि अजून कुठं चुकलं नव्हतं. मी गिटारचा आवाज वाढवला.