सहा खांबांचे एक घर

मी, हेस्टर मॉड ऑडली, वय एकाहत्तर, अविवाहित, राहणार ब्रॉड स्ट्रीट, लडलो, संपूर्ण शुद्धीवर आहे. नाडी जलद चालते आहे ती आनंदामुळे, असे डॉक्टरांनीही तपासून सांगितले. माझी आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. मोटार भाचा रूपर्ट याला. पूर्वी घरही त्यालाच देणार होते. परंतु तो म्हणाला, "मावशी, ही दुकानाची खिडकी काढून गॅरेजचं दार बसवलं की दुप्पट भाव येईल." मोटार ठेवायला जागा त्याने अन्यत्र शोधावी.

२. घर व सुई-दोऱ्याचे दुकान शेजारी गॉडफ्री पिंबल, घड्याळदुरुस्तीवाले, यांना. होय, त्यांनाच. मधल्या भिंतीच्या मालकीवरून आम्ही कोर्टात गेलो आणि एकतीस वर्षे बोललो नाही.

गेल्या गुरुवारी सुताराने दुकानातील कुजकी फळी काढली. मागे ओकचा जुना खांब निघाला, त्यावर पटाशीने कोरलेला आकडा: तीन. जुने सुतार घराचा लाकडी सांगाडा वखारीत जुळवून खांबांवर क्रमांक घालत, मग सुटा करून जागेवर आणून त्याच क्रमाने उभा करत. एक आणि दोनही माझ्याकडेच सापडले. पुढचा कुठे? मी बॅटरी घेऊन शेजारी गेले.

"पिंबल, ते घड्याळ बाजूला करा."

"एकतीस वर्षांनी आलात, बाई, आणि आल्या आल्या हुकूम!"

घड्याळामागे चार होता. पाच आणि सहा त्यांच्या जिन्याशी. पिंबल खालीच बसले. "म्हणजे आपण भांडलो ती भिंत..."

"मूळची नाहीच. एकाच खोलीत उभे राहून भांडलो आपण!"

दोन्ही भाग वेगवेगळे विकले गेले, तर हे घर पुन्हा कधीही एक होणार नाही. म्हणून अट: मधली विटांची भिंत काढावी. दर्शनी बाकदार खिडकी, तिच्या लहरदार जुन्या काचांसह, जशीच्या तशी राखावी. दुकान चालू ठेवावे.

३. माझी शिल्लक या कामासाठी.

४. ज्या सर्वेक्षकाने या घराबद्दल "विटांचे साधे घर, विशेष काही नाही" असा शेरा मारला, त्याला सहाही आकड्यांची छायाचित्रे, चौकटीत घालून.

५. पिंबल यांना साक्षीदार व्हायचे होते. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदाराची सही करायची नसते, असे सांगून वकिलांनी त्यांना बाहेर काढले. ते दारातून ओरडले, "बाई, तुमच्या मरणाची वाट कशाला बघायची? सोमवारीच परवानगीचा अर्ज टाकू!"

तरी माझ्या हयातीतच भिंत पडल्यास ती अट पूर्ण झाली असे समजावे. पहिली वीट मी काढणार.

स्वाक्षरी: हेस्टर मॉड ऑडली
आम्हा दोघांसमक्ष सही झाली: एडिथ क्रम्प, शिक्षिका; सायलस मॉस, सुतार
लडलो, १४ मार्च १९८६