झुलीखाचं दार

प्रिय रीम, माझ्या पोरी,

या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी अनीसने वडिलांना घेऊन मागणी घालायला यावं का, एवढंच तू विचारलंस आणि मला उत्तराला बारा दिवस लागले. "आई, तो आपल्याच जिन्यातला निघाला, झुलीखामावशीचा! आता तरी ऑपरेशनं सोडून माझ्या लग्नाकडे बघ," असं लिहिलंयस. टोमणा पोचला. फोटोही पाहिला. गालावरची खळी थेट आईची आहे.

ते लोक ओरानला गेले तेव्हा तुम्ही दोघं जेमतेम चार वर्षांचे होतात, तुला झुलीखा आठवत नसेल. आमची दारं समोरासमोर. तू अडीच महिन्यांची असताना मी कामावर परतले. भूल देणारी दुसरी डॉक्टर तेव्हा इथल्या हॉस्पिटलात नव्हती, आणि खरं सांगते, मला जायचंही होतं. तुझ्या आजीची अट होती, पोरगी रोडावली की नोकरी बंद. दर महिन्याला गावाहून येऊन ती तुला उचलून बघायची. तुझे बाबा तिच्यापुढे ब्र काढत नसत. मी तुला झुलीखाकडे ठेवायची आणि तू काही केल्या बाटली तोंडात घ्यायची नाहीस. तिसऱ्या दिवशी परतले, तर रडून रडून तुझा आवाज बसला होता.

चौथ्या दिवशी तू गाढ झोपलेली, ओठाच्या कोपऱ्यात दूध. झुलीखाच्या मांडीवर तिचा तीन महिन्यांचा अनीस. "डोळे काय वटारतेस? तू तिकडे जगाला झोपवतेस, मी हिला झोपवलं," ती म्हणाली. मग हळूच, "सासूला बोलू नकोस हं. म्हातारी तुला घरी बसवेल." आपल्यात दुसरीच्या लेकराला पाजलं की चारचौघांत सांगतात, पुढे घोळ नको म्हणून. ती सात महिने तुला पाजत राहिली आणि आम्ही दोघींनी ते कुणालाच सांगितलं नाही. तू छान बाळसं धरलंस. आजीने माझी पाठ थोपटली आणि मी ती शाबासकी निमूट घेतली.

झुलीखा वारली त्याला सहा वर्षं झाली. आता हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, तुझ्या बाबांनाही नाही. आणखी एकदा गप्प बसले तर कुणाचं काय बिघडेल, हाच विचार मी बारा दिवस केला. तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. इतक्या आनंदात तू मला कधी लिहिलं नव्हतंस. पण नाही होत गं माझ्याच्याने.

रीम, अनीस तुझा दूधभाऊ आहे. एकाच बाईचं दूध प्यालेली मुलं आपल्या धर्मात सख्खी भावंडं ठरतात, त्यांचं लग्न होत नाही. यात त्याचा दोष नाही, तुझा नाही, आणि झुलीखाचा तर मुळीच नाही. तिने उपाशी लेकरू पाहिलं आणि जवळ घेतलं. त्यांना शुक्रवारी बोलावू नकोस. मी पंधरा दिवसांची रजा टाकली आहे, या पत्रामागोमाग अल्जीयर्सला निघते आहे. तू दार उघडलं नाहीस तरी जिन्यात बसून राहीन. ही रजा मी तू अडीच महिन्यांची असताना मागायला हवी होती.

तोंड फिरवलंस तरी तुझीच,
आई